उखळी तोफ व वैमानिकाची दृष्टि

खेळण्यांचें परीक्षण करण्याचा प्रघात आमच्या टीकावाङ्मयांत नाहीं. काव्य, कादंबरी, नाटक आणि फार तर बोलपट, एवढ्यांवरच टीकाकाराची सत्ता चालते. त्यापलीकडे त्यानें पाऊल टाकलें तर वाचक त्याला पोरकट म्हणतात. हा दोष पत्करूनही आम्ही आज एका खेळाविषयीं, आणि त्यांतल्या त्यांत त्या खेळांत घालावयाच्या एका लहानशा तोफेविषयीं, लिहिणार आहों. कारण हा खेळ ज्याचें चित्र काढतो तें युद्ध आहे. आणि युद्धाचें चित्र कोणीं कसें काढावें हा प्रश्न टीकेच्या हद्दीबाहेरचा आहे असें, निदान ज्यांच्या घरांत महाभारत वाचलें जातें त्यांनीं तरी, म्हणूं नये.

ज्यास फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात तो हा खेळ. संगणकाच्या पडद्यावर वैमानिकाची बैठक व तिच्यापुढील घड्याळांसारखीं यंत्रें दिसतात, खेळणाराच्या हातांत विमानाचा दांडा असतो, आणि ज्यांना परवडतें त्यांच्या पायांखालीं सुकाणूचीं पेडलेंही असतात. युद्धाच्या सिम्युलेटरांत मानाचें स्थान 'इल-२ श्टुर्मोविक' या रशियन घराण्याकडे जातें. त्यांतील पहिला खेळ ओलेग मॅडॉक्स व त्यांचे सहकारी यांनीं २००१ मध्यें प्रसिद्ध केला; त्याच नांवाच्या नव्या मालिकेंतील 'बॅटल ऑफ स्टालिनग्राड' २०१४ मध्यें निघाला, आणि पुढें मॉस्को, कुबान, नॉर्मंडी अशीं रणक्षेत्रें तिला जोडलीं गेलीं. या मंडळींची कसोशी पाहून कोणासही नवल वाटेल. एंजिन फार वेळ ताणलें तर तें तापून बंद पडतें. बेताबाहेर सूर मारला तर पंख मोडतो. गोळी लागून तेल गळूं लागलें कीं समोरच्या कांचेवर काळे ओघळ येतात व वैमानिकाला वाट दिसेनाशी होते. एकेका विमानाच्या यंत्रांचे कांटे जुन्या पुस्तिकांवरून ताडून पाहणारे व एक कांटा चुकला तर कर्त्यांशीं वाद घालणारे रसिक या खेळाला लाभले आहेत. आमच्या किती कादंबरीकारांना असा वाचक मिळतो?

गेल्या दिवाळींत आमचा भाचा हा खेळ खेळत असतां आम्ही त्याच्या मागें खुर्ची घेऊन बसलों होतों. स्टालिनग्राडच्या पश्चिमेकडील बर्फाळ मैदान होतें. त्यानें विमान खालीं आणलें, खंदकाच्या एका रेघेवर दोन बाँब टाकले, तोफा झाडल्या आणि तो वर निघून गेला. हें सर्व इतक्या सफाईनें झालें कीं आम्हांसही क्षणभर आनंद वाटला. मग आम्हीं सहज विचारलें, "खालीं कोण होतें रे?" तो म्हणाला, "कोणी नाहीं मामा, तें नुसतं टार्गेट होतं." त्याच्या उत्तरांत क्रौर्य नव्हतें. पडद्यावर जें होतें तेंच त्यानें सांगितलें होतें. खंदक होता, तारेचें कुंपण होतें, एक मोडका ट्रक होता. माणूस कोठेंच नव्हता.

येथें आम्हांस एक विसंगति दिसली, व ती क्षुल्लक नाहीं. ज्या विमानाचें नांव या खेळानें धारण केलें आहे तें इल्यूशिनचें इल-२ आकाशांतल्या द्वंद्वयुद्धासाठीं जन्मलेलेंच नव्हतें. एंजिन व वैमानिक यांच्याभोंवतीं पोलादी चिलखताची पेटी असलेलें हें विमान जमिनीलगत उडून शत्रूचे रणगाडे, गाड्या, तोफा आणि पायदळ यांवर तुटून पडण्यासाठीं बांधलें होतें. 'श्टुर्मोविक' या रशियन शब्दाचा अर्थच हल्ला चढविणारें विमान असा आहे. अशीं ३६,००० विमानें बनलीं. दुसऱ्या कोणत्याही लढाऊ विमानाची एवढी पैदास झालेली नाहीं. म्हणजे या विमानाचा विषय आकाश नसून जमीन आहे. मग ज्याच्या नांवाचा अर्थच 'जमिनीवरील माणसावर चालून जाणारा' असा, त्या खेळांत जमिनीवरचा माणूस वर्षानुवर्षें जवळजवळ गैरहजर असावा, हें 'शाकुंतलां'त शकुंतला नसण्यासारखें आहे. रणगाडे आहेत, आगगाड्या आहेत, विमानविरोधी तोफा तर फारच उत्तम आहेत, कारण त्या विमानावर गोळ्या झाडतात आणि म्हणून खेळणाराला त्यांची गरज पडते. वैमानिकाशीं ज्याचें भांडण नाहीं, ज्याचें भांडण पलीकडच्या खंदकांतल्या दुसऱ्या पायदळ शिपायाशीं आहे, तो मात्र या जगांत नाहीं. जग जणूं वैमानिकाच्याच सोयीसाठीं निर्माण झालें आहे.

या गैरहजेरीवर उपाय म्हणून महायुद्धांतील पायदळाच्या उखळी तोफा खेळांत घालाव्या अशी सूचना पुढें येते. सूचना साधी दिसते. परंतु जो ती करतो त्याला स्वतःलाही ती कोठवर नेईल याची कल्पना नसावी.

उखळी तोफेला आमच्या भाषेनें दिलेलें नांव मोठें समर्पक आहे. एक लोखंडी नळी, तिच्या बुडाखालीं जमिनींत रुतणारी जड पाटी, पुढें टेकूला दोन पाय. एवढेंच तिचें शरीर. गोळा तोंडांतून वरून खालीं सोडावयाचा. तो घसरत बुडाशीं गेला कीं तेथील खिळ्यावर आपटून त्याच्या शेपटींतील दारू पेटते व तो आला त्याच वाटेनें परत वर निघून जातो. मुसळ उखळांत टाकावें आणि उखळानेंच तें परत भिरकावून द्यावें, असा हा प्रकार आहे. १९१५ मध्यें इंग्लंडांतील विल्फ्रेड स्टोक्स यांनीं खंदकांच्या लढाईसाठीं ही रचना साधली, फ्रान्समधील ब्रांट यांनीं पुढें ती सुधारली, आणि दुसऱ्या महायुद्धांत जवळजवळ प्रत्येक सैन्याजवळ तिचीच भावंडें होतीं. जर्मनांच्या आठ सेंटिमीटरच्या 'ग्रानाटव्हेर्फर ३४' चें वजन साठ किलोच्या आसपास. ती तीन माणसें वाटून खांद्यावर नेत. साडेतीन किलोचा गोळा ती सुमारें २,४०० मीटरपर्यंत फेंकी. सोव्हिएट सैन्याची १९३७ सालची ब्याऐशीं मिलिमीटरची तोफ तीन हजार मीटरच्या पुढें जाई. गोळा उंच जाऊन जवळजवळ सरळ खालीं पडतो, म्हणून टेकडीच्या किंवा घराच्या आडून मारा करतां येतो व पलीकडच्या खंदकाच्या पोटांतही गोळा उतरवितां येतो. त्याची गति ध्वनीहून कमी, म्हणून सुटतांनाचा आवाज थोडा आणि येतांनाची सूचनाही थोडी. पायदळाच्या शिपायाला रणगाड्याहून व विमानाहूनही हिची दहशत अधिक असे, असें म्हटल्यास तें खोटें ठरणार नाहीं.

आतां ही तोफ वैमानिकाच्या दृष्टीनें पाहूं. पडदा १,९२० ठिपके रुंद आहे व त्यांत वैमानिकापुढील नव्वद अंशांचा देखावा मावला आहे असें धरलें, तर एका अंशाला एकवीस ठिपके येतात. हजार मीटरांवर उभा असलेला माणूस अंशाच्या दहाव्या भागाएवढा; म्हणजे दोन ठिपके. तोफेची नळी सव्वा मीटरहूनही आंखूड. दीड ठिपका सुद्धां नाहीं. आणि युद्धांत माणूस उभा नसतो, खड्ड्यांत वांकलेला असतो. हीच गोष्ट वेळाची. ताशीं ३६० किलोमीटर वेगानें जाणारें विमान सेकंदाला शंभर मीटर तोडतें. उखळी गोळा हवेंत पंचवीस ते पस्तीस सेकंद असतो. म्हणजे नळींतून निघालेला बारीकसा धूर एखाद्या वैमानिकानें पाहिलाच, तरी गोळा पडेपर्यंत तो अडीच-तीन किलोमीटर दूर गेलेला असतो. आणि गोळा फुटलेला पाहिला, तर तो कोणी कोठून सोडला हें त्याला कळण्याचा मार्ग नसतो. कार्य व कारण यांची फारकत होते. आणखी एक मौज हिशेबांतून निघते. वर चढलेला गोळा सात-आठशें मीटरांपासून हजाराच्या पलीकडेही जातो. श्टुर्मोविक पुष्कळदां दोन-तीनशें मीटरांवरूनच उडे. म्हणजे खालच्या शिपायांचें भांडण वैमानिकाच्या डोक्यावरून चाललेलें असते, आणि तें त्याच्या गांवींही नसतें!

खेळणारांतील एका पक्षाचें म्हणणें असें कीं, जें दिसणार नाहीं तें घालून करावयाचें काय? संगणकाची शक्ति मर्यादित आहे. ती विमानाच्या पंखावर खर्च करावी. या आक्षेपांत तथ्य अगदींच नाहीं असें नाहीं. गोळ्याच्या उड्डाणाचें गणित म्हणाल तर तें किस झाडाचा पाला. क्षणोक्षणीं पंखावरच्या वाऱ्याचा हिशेब करणाऱ्या यंत्राला एका दगडाची कमान काढणें जड जात नाहीं. जड जातात तीं माणसें. त्यांना चालावयास, लपावयास, मरावयास शिकवावें लागतें, आणि अशीं शेंकडों माणसें एकदम वागवूं लागलें कीं विमानच अडखळूं लागतें. हा खर्च खरा आहे.

दुसरा पक्ष तोफेच्या बाजूचा आहे, पण त्याचें समर्थन आम्हांस पहिल्या पक्षाच्या विरोधाहून अधिक भीतिदायक वाटतें. हे म्हणतात, नवीं लक्ष्यें मिळतील. रणगाडे फोडून कंटाळा आला, आतां तोफखाने टिपूं. आणि त्या टिपतां याव्या म्हणून खेळांत एक सोय आधींच आहे: प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर तिचें नांव व अंतर दाखविणारी चिठ्ठी पडद्यावर आणतां येते. विमानांपुरती ही सोय आम्ही समजूं शकतों. जिवंत डोळ्याला जें दिसतें तें पडद्यावर पुष्कळदां दिसत नाहीं, म्हणून नवशिक्याला थोडा आधार हवा. परंतु जी वस्तु न दिसण्यासाठींच निर्माण झाली तिच्या डोक्यावर तांबडी चिठ्ठी लावणें म्हणजे काय? क्षेमेंद्रानें औचित्याला काव्याचें जीवित म्हटलें आहे. अनौचित्याचें उदाहरण शोधावयास त्याला याहून दूर जावें लागलें नसतें. चिठ्ठी लावलेली उखळी तोफ ही उखळी तोफच नव्हे. ती जत्रेंतल्या बंदुकीच्या दुकानांतला फुगा आहे. अशी घालावयाची असेल तर ती न घातलेली बरी, कारण गैरहजर माणूस निदान खोटा तरी ठरत नाहीं.

मग आमचें म्हणणें काय? तोफ असावी, मारा करीत असावी, आणि वैमानिकाला सांपडूं नये. हें म्हणणें विक्षिप्त वाटेल, परंतु उंचावरून पाहणाराला काय दिसतें व काय दिसत नाहीं हा प्रश्न आमच्या साहित्याला नवा नाहीं. 'मेघदूतां'त चर्मण्वतीचा रुंद ओघ आकाशचरांना बारीक सरासारखा दिसतो. उंचीनें वस्तु सुंदर होते व लहान होते, हें विमानांच्या कितीतरी आधीं कालिदासाला कळलें होतें. याउलट संजयाला व्यासांनीं जी दृष्टि दिली तींत दूरचें जवळ येतें, मनांतलेंही दिसतें. वैमानिकाची दृष्टि पहिल्या जातीची आहे, आणि सिम्युलेटरचा सारा प्रामाणिकपणा ती तशीच ठेवण्यांत आहे. कांटा न कांटा खरा ठेवणाऱ्यानें न दिसणें हेंही तितक्याच इमानानें खरें ठेवावें.

स्टालिनग्राडचेंच उदाहरण घेऊं, कारण खेळाचें रणक्षेत्र तेंच आहे. १९४२ च्या शरदांत त्या शहरांत सोव्हिएट ६२ व्या सैन्याचे सेनापति चुइकोव यांनीं आपल्या शिपायांना शत्रूच्या इतकें निकट राहण्यास सांगितलें कीं दोन्ही पक्षांत हातबाँब फेंकण्याएवढेंच अंतर उरावें. हेतु असा कीं जर्मन विमानांना बाँब टाकतांना आपलीच माणसें मरतील ही भीति पडावी. जर्मन पायदळ आपल्या विमानांना ओळख पटावी म्हणून जमिनीवर झेंडे पसरून ठेवी. विमान जेथें असें लुळें पडतें तेथें उखळी तोफेचें राज्य सुरू होतें. व्होल्गाच्या उंच काठाच्या आडोशाला आणि घळींतून ती बसे आणि भिंतीपलीकडच्या अंगणांत गोळा उतरवी. ज्या खेळांत ही तोफ नाहीं त्यांत चुइकोव यांच्या डावपेचाला अर्थच उरत नाहीं. तेथें वैमानिकाला कोठेंही बाँब टाकण्याची मुभा असते, व आपण अगतिक आहों असें त्याला कधींही वाटत नाहीं. अगतिकता हाही वैमानिकाच्या अनुभवाचा भाग होता.

महाराष्ट्राचा या गोष्टीशीं संबंध नाहीं असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं ९ एप्रिल १९४५ ची इटलींतील सेनिओ नदी आठवावी. त्या दिवशीं दुपारीं दोस्त राष्ट्रांच्या शेंकडों बाँबफेक्या विमानांनीं नदीपलीकडचा प्रदेश भाजून काढला. त्यामागून तोफांचा भडिमार झाला. विमानांतून पाहणाराला त्या धुरळ्याखालीं कांहीं जिवंत राहिलें असेल असें वाटलें नसेल. सायंकाळीं पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण नदी ओलांडूं लागली. नदीचें पात्र अवघें पंधरा फूट, पण दोन्ही बाजूंचे पूरबांध तीस-पस्तीस फूट उंच, आणि त्या बांधांच्या पोटांत जर्मनांचीं बिळें. अहमदनगर जिल्ह्यांतील शिपाई नामदेव जाधव कंपनीचे निरोप्ये होते. त्यांच्याबरोबरची तुकडी सुरुंगांत व मशीनगनच्या माऱ्यांत सांपडली. कंपनीचे अधिकारी व दोन शिपाई जखमी झाले, बाकीचे पडले. जाधवांनीं एका जखमीला खांद्यावर घेऊन पाण्यांतून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यांतून अलीकडे आणलें. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलें. दोन्ही खेपांना त्यांच्यावर मशीनगनबरोबर उखळी तोफांचाही मारा चालू होता. पुढें हात जखमी झाल्यावर बंदूक टाकून त्यांनीं हातबाँबांनीं मशीनगनचीं ठाणीं बंद पाडलीं आणि उखळी गोळे पडत असतांच बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून, मराठ्यांची युद्धगर्जना करीत, मागच्यांना बोलाविलें. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पराक्रमाच्या सरकारी वृत्तांतांत उखळी तोफांचा उल्लेख पुन्हां पुन्हां येतो. दुपारच्या एवढ्या बाँबवर्षावानंतर त्या तोफा सायंकाळीं चालूच होत्या. सेनिओवरचें आकाश व सेनिओचा बांध हीं दोन्हीं एकाच दिवसाचीं आहेत. सिम्युलेटरांत आजवर आपण फक्त आकाश पाहत आलों.

हें सर्व आम्हीं भाच्याला सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "मामा, मग आपण करूनच बघूं." त्याच्याजवळ 'डीसीएस वर्ल्ड' नांवाचा दुसरा खेळ आहे. त्याच्या भूदलाच्या यादींत १२० मिलिमीटरची एक सोव्हिएट उखळी तोफ आहे. ती महायुद्धानंतरची खरी, पण तिचें कुळ महायुद्धांतल्या त्याच मापाच्या तोफेचें. या खेळांत खेळणाराला रणक्षेत्र स्वतः मांडतां येतें. कॉकेशसच्या नकाशावर एका टेकडीच्या पाठीमागें त्यानें चार तोफा ठेवल्या, पलीकडच्या पाऊलवाटेवर आपल्या पक्षाचें पायदळ ठेवलें, आमच्या आग्रहावरून नांवांच्या चिठ्ठ्या बंद केल्या आणि सुखोई-२५टी हें विमान घेतलें. तेंही श्टुर्मोविकच्याच वर्गांतलें. तोफा कोठें आहेत हें त्याला अर्थात् ठाऊक होतें; म्हणून त्यानें थोरल्या बहिणीला बोलावून त्या दुसरीकडे हलवावयास सांगितल्या व स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

पहिल्या फेरींत त्याला पाऊलवाटेवर उडालेली माती दिसली. दुसऱ्या फेरींत त्यानें टेकडीवर एक बाँब टाकला, तो फुकट गेला. तिसऱ्या फेरींत माती पुन्हां उडाली, त्याच पाऊलवाटेवर, जरा अलीकडे. तो फार चिडला. "दिसतच नाहींत!" असें तो दोन-तीनदां म्हणाला. आम्हीं त्याला चिडलेला पुष्कळदां पाहिला आहे, पण आजवर तो स्वतःचें विमान पडलें म्हणून चिडे. दुसऱ्यावर गोळे पडत आहेत व आपल्याला कांहीं करतां येत नाहीं म्हणून चिडलेला त्या दिवशीं प्रथम पाहिला. बाराव्या मिनिटाला इंधन संपत आलें आणि तो परत फिरला.

खेळ-कर्त्यांना आमची एक प्रार्थना याच प्रयोगावरून सुचली आहे. या खेळांत झालेल्या उड्डाणाची नोंद राहते व ती मागाहून हवी तेथून पाहतां येते. उडतांना वैमानिकाची दृष्टि द्यावी आणि उतरल्यावर संजयाची. महायुद्धाच्या तोफा जे घालतील त्यांनीं त्या नुसत्या उघड्या माळावर टेकवूं नयेत; भोंवतीं माणसें वागवितां येत नसतील तर न वागवा, पण खड्डा असावा, गोळ्यांच्या पेट्या असाव्या, बर्फांतून त्या खड्ड्याकडे गेलेली पायवाट असावी. त्या पायवाटेवरून एखाद्या शहाण्या वैमानिकाला तोफ सांपडलीच, तर ती त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं मिळविलेली असेल, व त्याबद्दल आम्ही कुरकुर करणार नाहीं.

भाच्यानें ती नोंद रात्रीं जेवणानंतर लावली. आम्ही दोघेंच होतों. त्यानें दृष्टि विमानावरून काढून जमिनीवर आणली व शोधत शोधत तोफांपाशीं नेली. बहिणीनें त्या एका ओढ्याच्या कांठाला झाडींत ठेवल्या होत्या. नळीच्या तोंडाशीं धूर आला आणि गोळा वर गेला. मग दूर गुणगुण ऐकूं आली, ती वाढली, आणि त्याचेंच विमान झाडांच्या शेंड्यांवरून गर्जत निघून गेलें. त्यानें चित्र थांबविलें आणि अंतर मोजलें.

"मामा, इतक्या जवळून गेलों मी?"

आम्हीं कांहीं बोललों नाहीं. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "पुन्हां लावूं का?" आम्ही म्हणालों, "लाव."